दिसत नाही ते तेल

४ मार्च
"दिसतं त्या तेलाला भिऊ नकोस, पोरी." बाबा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे, तेव्हा म्हणाले होते. तीस वर्षं झाली. आज धक्क्यावर उभी होते आणि आठवलं.

तेलाचं जहाज फुटून तीन आठवडे झाले. विमानातून तेल फोडणारं औषध फवारलं आणि काळा तवंग गेला. पाणी कसं लख्ख!

प्रयोगशाळेत शिंपल्यांची वास-तपासणी झाली. उकडायचे, झाकण उचलायचं, हुंगायचं. तिघींत शेवटचा शब्द माझा. साहेब मला 'नाक'च म्हणतात. वास नव्हता. सही केली. विक्री सुरू.

उरलेले नमुने नेहमीसारखे वाटून घेतले. माझा वाटा धाकट्या बहिणीला. अकरा वर्षांनी मूल झालंय तिला, दीड महिन्याचं. अंगावर पाजते. सारखी भूक लागते म्हणते.

८ मार्च
पुन्हा डबा दिला. तिसऱ्यांदा. तिच्या नवऱ्याने विचारलं, खात्री आहे ना? धाकटी हसली — "ताईचं नाक असताना यंत्र कशाला हवंय?" बाळ माझं बोट सोडेना.

१२ मार्च
यंत्रावरच्या काटेकोरबाईंनी बोलावलं. (नाव आम्हीच ठेवलेलं.) त्यांचा निकाल सावकाश येतो, म्हणून तोवर वासावर परवानगी देतो आम्ही. त्यांनी कागद पुढे सरकवला. शिंपल्यांच्या मांसात तेलातली विषारी द्रव्यं — मर्यादेच्या नऊ पट.

औषधाने तेल संपत नाही, म्हणाल्या, नुसतं बारीक होतं. वरचं पाण्यात मिसळतं. मासा त्यातलं बरंचसं बाहेर टाकतो. शिंपला दिवसभर पाणी गाळतो आणि साठवत बसतो.

"मग मला वास का नाही आला?"

"नाकाला कळेल एवढं नव्हतं. अंगात जायला पुरेसं होतं."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण नाकाची सवय झाली होती. कौतुकाचीही.

१३ मार्च
साहेबांनी विक्री थांबवली. वाटून नेलेल्या शिंपल्यांचं काय, मी विचारलं. त्यांनी घरी फोन लावला. त्यांच्याही घरी गेले होते.

दुधात किती उतरतं? काटेकोरबाई म्हणतात, तपासल्याशिवाय कसं सांगू.

१४ मार्च
सारखे स्वतःचे हात हुंगते. साबणाचा वास येतो, बस.

१५ मार्च
धाकटीचा फोन. संपले गं ताई, आणखी आण ना. म्हटलं, आता मिळत नाहीत. खोटं नव्हतं. भित्री!

१६ मार्च
नमुन्याची काचेची बाटली धुऊन घेतली. चिठ्ठी चिकटवली. 'नमुना कोणाचा?' — तिथे पेन अडलं.

तिच्या दाराबाहेर पायरीवर बसून लिहितेय. आत बाळ रडत होतं. आत्ता गप्प झालं — म्हणजे पाजायला घेतलं तिने. आधी सगळं सांगणार. मग मागणार. नाही म्हणेल, माहीत आहे. तरी — घोटभर दूध दे यात. आणि निकाल येईपर्यंत त्याला पाजू नकोस.