बलराज परदेशात चालली

मुक्काम पुणे

तीर्थरूप आबा, बद्रीनाथचा तुमच्या पायावर माथा.

मी बरा हाय, जेवणाची काळजी करू नका. गावात टँकर येतो का? म्हैस चारा छावणीत नेली का घरीच हाय?

मागच्या पत्रात मी लिहिलं, आमी बनवतो ती बलराज मोटारसायकल परदेशात चालली. त्या खुशीत तुमी दूध सोसायटीत साखर वाटली, असं थोरल्या छबुताईनं कळवलं. आबा, माझीच समजूत चुकली. मला वाटलं, गाड्या तिकडं विकणार. सायबानं पेढे दिले, आमी टाळ्या पिटल्या. आता कळलं, कारखानाच उचलून तिकडं चाललाय. गाडी तिकडं बनणार, इकडं आणून विकणार, अन् नाव बलराजच!

जाहिरातीत म्हणत होते, 'आपल्या मातीची गाडी.' मग आता माती कावून बदलली? दुष्काळात गाव सोडून आमी यांच्या दारात आलो, अन् हे आमालाच सोडून निघाले.

काल सायब म्हणला, "बद्री, तिकडं धाडायच्या साच्यांना ग्रीस लावून पेट्यांत भर."

मी म्हणलं, "माझ्याच पोटावर पाय, अन् बूट मीच पुसून देऊ व्हय?"

सगळे हसले. सायब हसला न्हाई. "लई बोलतो बे तू. पूर्ण नाव सांग."

मी तुमच्या नावासकट ठणकावून सांगितलं. साच्यांना हात लावला न्हाई.

आता नोकरीचं काही खरं न्हाई. आईला एवढ्यात कळू देऊ नका. सोसायटीत मात्र गाडीचं खरं सांगा. कोणी हसलं तर माझ्यावर ढकला.

छबुताईला नमस्कार.

तुमचाच,
बद्रीनाथ सुंदरराव