आपला डोंगर पडद्यावर

तीर्थरूप बाबा,

दुरूनच पाया पडते. मी मजेत आहे. अक्षर वेडंवाकडं आलंय, पण पेनच खराब आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे. वणव्यांमुळे कोणत्या देशातून किती कार्बन हवेत गेला, ते उपग्रहाच्या चित्रांवरून मोजायचं आणि तुलना करायची. आपला देश कायम तळाशी. साहेब म्हणतात, "तुमच्याकडे जंगलं जळतच नाहीत वाटतं!" तुम्ही वनरक्षक हिरव्या फांद्यांनी झोडपून आग लहान असतानाच विझवता आणि एवढी लहान आग उपग्रहाला दिसत नाही, हे त्यांना काय सांगू?

पण बाबा, सोमवारी आपला डोंगर पडद्यावर दिसला. लाल ठिपका, बरोबर तुमच्या चौकीच्या वर. साहेब म्हणाले, "घ्या, आला तुमचाही आकडा!" मी लगेच तुम्हाला फोन लावला. तेव्हापासून गावात कुणाचाच फोन लागत नाहीये.

आज ठिपका गेला. कोणी विझवला, ते इथे दिसत नाही.

तुम्ही वर गेला नव्हता ना? लगेच उत्तर पाठवा. दादाला लिहायला सांगू नका. दोनच ओळी चालतील, पण तुमच्याच हातच्या हव्यात.

तुमची धाकटी