तिसरा दिवा

सोमवार, ३ जून

तिसरा दिवा काही लागत नाही! नवा मोडेम भिंतीतल्या केबलला जोडला, पिळून घट्ट बसवला, सगळं चित्रात दाखवलंय तस्संच. पहिले दोन दिवे हिरवे. तिसरा नुसता लुकलुकतोय. जुना मोडेम कंपनीने बंद करून टाकलाय, त्यामुळे परतीची वाटही नाही.

डॅरिल असता तर त्याच्यावर ढकलून मोकळी झाले असते. पण तो शुक्रवारीच खाणीवर गेला. पंधरा दिवस तिकडे उत्तरेला कोळशाचे ट्रक चालवायचे, मग आठवडाभर रेडक्लिफला घरी. निम्मा संसार फोनच्या पडद्यावरच झालाय आमचा.

तो निघाला तेव्हा दाराशी मोडेमची दोन खोकी येऊन पडली होती. मी म्हटलं, दोन कशाला? म्हणाला, एक चुकून आलंय, विमानतळाच्या वाटेवर पोस्टात टाकतो. एक काखोटीला मारलं आणि गेला. माझ्या वाट्याला हे आंधळं खोकं!

मंगळवार, ४ जून

कंपनीला फोन. मनिलाहून जोसेलिन नावाची बाई बोलत होती, मागे कोंबडा आरवत होता. वायर काढा मॅडम, थांबा मॅडम, मागच्या भोकात टाचणी खुपसा मॅडम. सगळं केलं. नाकी नऊ आले. दिवा लुकलुकतोच आहे.

शेजारची बेव्ह म्हणते, एवढं काय अडलंय, साधा फोन कर की त्याला. करते ना! मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या छत्रीखाली उभी राहून. घरात रेंजच नाही. पण नुसता आवाज मला चालत नाही. फेब्रुवारीत त्यांच्या खाणीत दरड कोसळली, तेव्हा हा फोनवर 'मजेत आहे गं' म्हणत होता आणि घरी आला तो कपाळाला टाके घेऊन. त्या दिवशी मी हात जोडले, म्हटलं सोड ही नोकरी. हसला. तेव्हापासून रोज संध्याकाळी चेहरा दाखवायचा, असा नियम घातलाय. आवाज खोटं बोलतो. चेहरा नाही.

बुधवार, ५ जून

केबलवाला येऊन गेला. केबल ठीक, भिंत ठीक, मोडेम ठीक. बिस्किटं मात्र संपली.

गुरुवार, ६ जून



पुन्हा जोसेलिनच लागली. खात्यावर माझंही नाव आहे, म्हणून तिने सगळं उघडून पाहिलं. म्हणाली, "मॅडम, रेडक्लिफसाठी पाठवलेला मोडेम चालूच आहे. शनिवारपासून. दुसऱ्या पत्त्यावर."

कुठला दुसरा पत्ता?

"कॅलंगरचा, मॅडम. याच खात्यावर आहे. सरांनी स्वतः फोन करून तिथे सुरू करून घेतला. खोक्यांची अदलाबदल झालेली दिसते. तुमच्याकडे आहे तो कॅलंगरचा."

मी खुर्चीवर बसले. तिने विचारलं, हा तुमच्या घरासाठी चालू करून देऊ? मी हो म्हणाले. तिसरा दिवा लागला! चार दिवस ज्याची वाट पाहिली तो लागला, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

संध्याकाळी डॅरिलचा फोन आला. तोच चेहरा, मागे तेच खाणीच्या कॅम्पमधलं लोखंडी कपाट, तेच कॅलेंडर. म्हणाला, धूळ फार आहे इकडे. मी म्हटलं, हो का. 

कोण असेल ती?

शुक्रवार, ७ जून

कॅलंगर गाडीने वीस मिनिटांवर! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

जोसेलिनने सांगितलेला पत्ता म्हणजे एका घराच्या मागच्या अंगणातली एकच खोली. दाराशी त्याची गाडी, जी विमानतळावर उभी असायला हवी होती. दोरीवर त्याचे खाणीवरचे नारिंगी शर्ट, स्वच्छ. बाईचा एकही कपडा नाही. दोनदा पाहिलं.

दार त्यानेच उघडलं. हातात चहाचा मग, पायात माझ्याच जुन्या सपाता. आत एक खाट, ते लोखंडी कपाट, ते कॅलेंडर. बस्स. तोंडाचा रंगच उडाला त्याचा.

सगळं बोलला. इस्टरलाच त्याला काढलं. बिनड्रायव्हरचे ट्रक आले. तेव्हापासून पंधरा-पंधरा दिवस इथे राहून लोकांच्या घरी पार्सलं पोचवतोय.

"तू सोड म्हणालीस तेव्हा मी हसलो. महिनाभरात त्यांनीच हाकललं. कुठल्या तोंडाने सांगणार होतो, नोल?"

मी ओरडले. म्हटलं, रोज मी तुझ्यासाठी जीव मुठीत धरून बसते, त्या खाणीत तू नव्हतासच! आणि इथे पार्सलंच वाटतोस तर इंटरनेट कशाला हवं होतं?

खाली बघून म्हणाला, "रोज चेहरा दाखवायचा होता ना तुला."

मला हसावं की रडावं कळेना. गाडीत बसून दोन्ही केलं.

रविवार, ९ जून

घरी आणलाय. कपाट तिथेच राहू दिलं. बोलत नाही अजून मी. पण सकाळी त्याच्या कपाळावरची ती खूण पाहिली, आणि तो खाणीत नाही या विचाराने इतकं हलकं वाटलं की माझीच मला लाज वाटली.

बुधवार, १७ जुलै

नवी नोकरी लागली त्याला. ही खाण जमिनीखालची. नको म्हटलं, पुन्हा हसला. या खेपेला विमानतळाच्या दारापर्यंत गेले, बॅग आत जाताना पाहिली.

आज त्याचा पहिला फोन. तिसरा दिवा स्थिर, चित्र स्वच्छ. मागे कोरी पांढरी भिंत. ठीक आहे म्हणतोय.

देवा, खोटं बोलत असू दे त्याला. कॅलंगरलाच असू दे.