मायची दुपारची कचेरी

माघ वद्य २, शके १८५५

आजही माय दिवसभर झोपून. हैदराबादच्या दवाखान्यातून परतून पंधरवडा होत आला. छातीतल्या गाठीत रेडियमच्या सुया टोचून ठेवल्या होत्या, तेव्हा ती अख्ख्या वॉर्डाला शिव्या देत होती. घरी आली आणि विझली. जिच्या हाकेनं कोंबडे जागे व्हायचे, तिला आता पाण्याचा तांब्या उचलताना धाप लागते.

माघ वद्य ३

सुंदरराव काका नेकनूरहून आले – उपदेश घेऊन. पडून राहिलं की माणूस आणखी पडतं म्हणे. उठवा, चालवा, जात्यावर बसवा! एवढं सांगून पोटभर जेवले आणि आमच्याच ओसरीवर उन्हं कलेपर्यंत घोरले.

माघ वद्य ५

दवाखान्यातून निघताना डॉक्टरनं मला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या होत्या. ही थकावट सुयांमुळं आहे, लई दिवस राहील, आळस समजू नका – ही एक. गाठ बसली, पण आजार काखेतून आत सरकलाय. फाल्गुनात पुन्हा आणा, सुयांनी काही महिने वाढले तर बघू – ही दुसरी.

पहिली घरात सगळ्यांना सांगितली होती. दुसरी आज मायला सांगितली. "बरं," म्हणाली आणि कूस बदलून झोपली. मी रडायच्या तयारीत बसलेलो, आणि समोर नुसती पाठ!

माघ वद्य ८

शोध लागला. ओसरीवर दुपारचं ऊन आलं की तिच्यात थोडा वेळ जीव येतो. तो वेळ आम्ही काढे पाजण्यात आणि भेटायला येणाऱ्या बायांत घालवत होतो. आज विचारलं, या वेळात तुला काय करावं वाटतं? बराच विचार करून म्हणाली, सिदूला बोलवा.

सिदू आमचा सालगडी. त्याला वाटलं, शेवटचं बघायला बोलावलं. डोळे पुसत आला. हुरड्याची कणसं परस्पर मेव्हण्याकडं धाडली म्हणून मायनं त्याला असं झापलं, की तो हसत बाहेर पडला. म्हणाला, मालकीण बऱ्या हायेत.

मग संध्याकाळपर्यंत माय निपचित. पण चेहरा समाधानी.

माघ वद्य १०

ठरलं. दुपारी कचेरी, बाकी वेळ झोप. दाराशी चोपदार मी. आंघोळ एकदिवसाआड, खाटेवरच. तांब्या अर्धाच भरायचा.

भजनी मंडळी मायसाठी टाळ कुटायला आली, त्यांना परत पाठवलं. गावात मी आता नास्तिक!

माघ अमावास्या

छबू – माझी बायको – मायची वेणी घालत होती. विंचरता विंचरता माय तिच्या खांद्यावरच झोपली. छबूला हलता येईना. पिठलं मी केलं. दुसऱ्यांदा कुणी मागितलं नाही.

फाल्गुन शुद्ध ३

माय आता कचेरीतही मधेच डोळे मिटते. हैदराबादला न्यायचंच, असं मी घरात सांगून टाकलं. काका विरोधात, म्हणजे माझंच बरोबर असणार. मायला विचारलं. "जाऊ. तुजं समाधान होऊ दे," म्हणाली. मी होकार धरला. दुसरं काय धरणार?

फाल्गुन शुद्ध ७, घाटनांदूर

मुक्काम करत करत बैलगाडीनं आलो. कडबा पसरून वर गोधड्या घातल्या होत्या, तरी प्रत्येक खड्ड्याला माझाच जीव जात होता. इथून उद्या आगगाडी. माझी मावशी वच्छलाबाई या गावातच दिलेली. तिच्याकडं उतरलो.

दुपारी अंगणातल्या लिंबाखाली दोघी बहिणी माहेरच्या कुठल्याशा पाटलाची नक्कल करत बसल्या. मावशीला हसून हसून ठसका लागला. मायला असं हसताना कितीतरी दिवसांनी पाहिलं.

मग तिनं मला जवळ बसवलं.

"राधाकिशन, मी आगगाडीत बसनार न्हाई."

मी डॉक्टरचं सांगितलं, महिन्यांचं सांगितलं, जे सुचलं ते सगळं बोललो. तिनं बोलू दिलं.

"त्या सुया जगनं वाढवत्यात आन् जागेपन काडून घेत्यात. नुसतं झोपायला अजून महिने कशाला? दुपारचं एवडं जागेपन उरलंय. ते मला पायजे."

"मग इथवर कशाला आलीस?"

"घरी न्हाई म्हनले असते तर तू उचलून नेलं असतंस. आन् वच्छीला एकडाव बगायचं होतं."

मी लई भांडलो. भांडणाच्या मध्येच तिला झोप लागली. मी तसाच बोलत राहिलो – मावशीनं खांद्यावर हात ठेवेपर्यंत.

फाल्गुन शुद्ध ८

आगगाडीची शिट्टी झाली. मायचे पाय माझ्या मांडीवर होते. मी उठलो नाही.