फुंकर खोटं बोलत नाही

८ डिसेंबर २००८, सोमवार

खोटारडे मेले! आज सिगरेटच्या सर्व्हेसाठी हिंजवडीत एका कंपनीच्या गेटबाहेरच्या टपरीवर पोरं गाठली. पहिला प्रश्न ठरलेला — उठल्यावर पहिली सिगरेट किती वेळाने? एक म्हणाला, "मॅम, मी फक्त पार्टीत." बोटं पिवळी! मग मशीनच्या नळीत फुंकायला लावलं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड श्वासात उरतो, आकडा चढतो. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. सर्व्हेच्या प्रमुख मंदाकिनी मॅडम म्हणतातच, "स्वराली, माणूस काहीही सांगेल. फुंकर खोटं बोलत नाही."

घरी पुष्कर. मला दिवस राहिले तेव्हा माझ्या पोटावर हात ठेवून शपथ घेतलीय — सिगरेट बंद. नवऱ्यावर विश्वास ठेवायचा असतो म्हणे. बघू.

१० डिसेंबर

सकाळी बाथरूममध्ये शिरला की बाहेर यायचं नाव नाही. दार वाजवलं तर, "अगं, अंघोळ तरी सुखाने करू दे!" आला तो डोकं धरून, चिडलेला. सिगरेट सोडलेल्यांचं असंच होतं, मान्य. पण ऑफिसात गेल्यावर डोकं उतरतं म्हणे. उतरणारच! तिथे ओढायला मिळत असणार.

बाथरूममध्ये वास घेतला. नुसता साबण. हुशार आहे.

११ डिसेंबर

मला कोरड्या उलट्या. चक्कर. आई फोनवर म्हणाली, "या दिवसांत होतंच गं."

१३ डिसेंबर, शनिवार

मशीन घरी आणलं. अंघोळ करून आला तशी नळी पुढे धरली.

"मी काय तुझा सॅम्पल आहे?"

"फुंक."

फुंकलं. आकडा टपरीवरच्या पोरांएवढा!

"नाही ओढली गं. मशीन बिघडलं असेल." हेच, अगदी हेच सगळे म्हणतात! बाळाची खोटी शपथ घेणाऱ्याबरोबर संसार कसा करायचा? खूप रडले. तो न जेवता निघून गेला, संध्याकाळी आला. मी बॅग भरलीय. उद्या विश्रांतवाडीला, आईकडे.

१४ डिसेंबर, रविवार

काय थंडी! निघायच्या आधी निवांत अंघोळ केली. गॅस गिझर बसवल्यापासून या घरात तेवढंच एक सुख. गार वारं येतं म्हणून खिडकीच्या फटींत मीच पेपर कोंबलेत. डोकं ठणकतंय. रात्रभर रडल्यावर दुसरं काय होणार?

मशीन नीट आहे हे त्याला दाखवूनच निघणार. न ओढणाऱ्याने फुंकलं की आकडा शून्याजवळ राहतो. त्याच्यासमोर फुंकते. बघच म्हणावं!

रविवारीच, हॉस्पिटलात

माझा आकडा त्याच्याहून जास्त आला.

गिझरच्या ज्योतीतूनही तोच वायू निघतो, बंद बाथरूममध्ये कोंडतो. मला ठाऊक नव्हतं का? पुष्करने धावत जाऊन गिझर बंद केला, पेपर ओढून काढले. आता बाळाचे ठोके बघायला आत बोलावणार आहेत. तो माझा हात धरून बसलाय. एका शब्दाने बोलत नाही. बोल ना रे काहीतरी!