मानेतली सुई आणि गंधाची सहाण

पुणे, रविवार

सौ. जनका,

नागनाथाच्या कृपेने मी खुशाल आहे. काल डॉक्टरांनी मानेत सुई देऊन हाताकडची नस बधिर केली. इसबाची खाज थांबली गं! मला कळलंही नाही, शेजारच्या खाटेवरचा वसमतचा भीमराजच ओरडला, “काका, खाजवायचं इसरले काहून?”

त्या सुईने एक पापणी थोडी उतरली होती, संध्याकाळी सावरली. घाबरू नकोस. असर किती टिकेल, हे मात्र डॉक्टरही सांगत नाहीत.

तुझी कंबर कशी आहे?

चिघळल्या हातांनी देवाचं गंध उगाळू नये, म्हणून सहाण तुझ्याकडे दिली होती. भेगा भरल्या की ती परत मागणार आहे. तोवर गंध तूच उगाळ. देवाला माझ्या नावाचंही बोट लाव.

तुझा,
नरसिंग