नेटवर्क कसं आहे, आबासाहेब?

हजीरा, ग्वाल्हेर
बुधवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

चि. सौ. गरिमा हिस,

आबासाहेबांचे पोटभर आशीर्वाद. जावईबापू संभाजीराव यांस आमचा नमस्कार सांगावा. इकडे सगळे ठीक आहोत. थंडी आल्याची पहिली वर्दी तुझ्या आईसाहेबांच्या गुडघ्याने दिली आहे, माझं ब्लडप्रेशर आपल्या जागी आहे (ती जागा डॉक्टरांना पसंत नाही, पण मला तिची सवय झाली आहे), आणि कान्होजीचा बाळ, म्हणजे तुझा भाचा, दूध पिऊन, झोपून, उरलेला वेळ पंख्याकडे बघून काढतो. शिलाँगचा पाऊस थांबला का? बँकेतलं इन्स्पेक्शन आटोपलं का? जावईबापूंचा खोकला आता कसा आहे? एवढं विचारायला फोन पुरला असता, असं तू म्हणशील. फोन का पुरत नाही, तेच सांगायला हे पत्र आहे.

बारशाला आज अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत तुझा एकच निरोप आला, तोही लेखी: ‘नाव छान आहे. तुमचं नेटवर्क कसं आहे, आबासाहेब?’ त्यानंतर तू माझा फोन उचललेला नाहीस. हा निरोप मी चष्मा लावून वाचला, काढून वाचला, आणि तुझ्या आईसाहेबांना दाखवला नाही. नावाचं पुढे लिहितोच. पण तू नेटवर्कची विचारपूस केली आहेस, आणि ज्याने चौतीस वर्षं नहर विभागात, कालव्यांवर, सब-इंजिनिअर म्हणून मोजमापाची पुस्तकं भरली, त्याला कोणी अहवाल मागितला (टोमणा म्हणून का होईना) की त्याचा हात आपोआप कागदाकडे जातो. शिवाय या घरात माझा फोन फक्त दोन ठिकाणी चालतो. एक जागा स्वयंपाकघराच्या खिडकीत, तुझ्या आईसाहेबांच्या कोपरापाशी. दुसरी मधल्या खोलीत, जिथे सगळं घर बसलेलं असतं. चार गोष्टी एकट्याने बोलायच्या तर टपालाशिवाय मार्ग नाही.

तर गुंजन मोबाइलचं सिम मी माझ्याच अकलेने घेतलं, हे आधी कबूल करतो. पडावला स्कूटरचा ब्रेक दुरुस्त करायला गेलो होतो. शेजारच्या दुकानदाराने (चांगला पन्नाशीचा, टिळा लावलेला माणूस) मला थंड पाणी दिलं आणि म्हणाला, “बाबूजी, आधे दाम में पूरी बात।” अर्ध्या किमतीत पूर्ण गोष्ट म्हटल्यावर मला धीर निघेना. घरातले चारही नंबर मी त्याच आठवड्यात तिकडे वळवले. कान्होजी म्हणाला, “आबासाहेब, पहले एक सिम लेके देख लेते ना. कव्हरेज चेक केल्याशिवाय सगळ्यांचे नंबर कशाला पोर्ट करता?” मी त्याला ऐकवलं की आपली माणसं दख्खनेतून या मुलखात आली ती कव्हरेज बघून आली नव्हती. यावर तुझ्या आईसाहेब पोळी लाटता लाटता म्हणाल्या, “ते घोड्यावरून आले होते. तुम्ही स्कूटरवरून पडावपर्यंत जाऊन आलात.” मी विषय बदलला.

तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर आजही मंडळात मान राहिला असता. पण गणेशोत्सवात अध्यक्षांनी दोन शब्द बोलायला सांगितले आणि मी काटकसरीवर पंचवीस मिनिटं बोललो. पुढच्या पंधरा दिवसांत मराठी मंडळातली नऊ घरं गुंजनवर आली. आता ती नऊ घरं मला बाजारात बघून रस्ता बदलतात, एक मानसिंगराव सोडून. ते मुद्दाम रस्ता ओलांडून माझ्याकडे येतात. त्यांच्या घरात रेंज फक्त फाटकाशी येते, म्हणून त्यांनी फोन दुधाच्या पिशवीत घालून फाटकाला टांगला आहे. घंटी वाजली की बनियनवर धावत जातात. परवा मला म्हणाले, “जगदेवराव, तुमच्या कृपेने माझं वजन तीन किलो कमी झालं.” मला ते कौतुक वाटलं आणि मी आभार मानले. घरी आल्यावर तुझ्या आईसाहेबांनी त्याचा अर्थ समजावला.

मग मी रीतसर पाहणी हाती घेतली. आलेखाचा कागद आणला, घराचा नकाशा काढला, आणि हात हात अंतरावर उभं राहून फोनवरच्या दांड्या मोजल्या. देवघरात शून्य. बैठकीत एक, तीही गाडी स्टेशनातून सुटावी तशी बघता बघता जाते. गच्चीवर तीन, पण तिथे आईसाहेबांचे पापड असल्यामुळे मला प्रवेश नाही. जिथे बोलणं होतं तिथे मी जमिनीवर खडूने गोल काढले. पहिल्या दिवशी मोलकरणीने ते पुसले. दुसऱ्या दिवशी सूनबाईंच्या आई आल्या, त्या ते गोल ओलांडायला तयार होईनात, मला आडोशाला नेऊन विचारू लागल्या की घरात कोणाला काही बाधा आहे का. एका गोलात मी उजवा पाय उचलून उभा होतो (पाय उचलला की आवाज सुधारतो, असं मला चार वेळा अनुभवाला आलं आहे), त्यामुळे त्यांचा संशय पक्का झाला.

वेगाचं म्हणशील तर सिटी सेंटरमध्ये गुंजन असं धावतं की बघत राहावं. तिथल्या बँकेच्या पायरीवर बसून मी तुझ्या साखरपुड्याचा व्हिडिओ पूर्ण पाहिला, एकदाही अडकला नाही. पहारेकरी दोनदा येऊन विचारपूस करून गेला, मी त्यालाही दाखवला. हजीऱ्याला परत येईतो तोच फोन सुस्तावतो. बाळाच्या जन्मदाखल्यावर नाव चढवायचा फॉर्म भरायचा आहे, तो कान्होजीने माझ्याकडे सोपवला आहे. रोज संध्याकाळी तो विचारतो, “हुआ क्या, आबासाहेब?” आणि रोज मी त्याला सांगतो की पान उघडतच नाही, नुसतं चक्र फिरतं. अकरा दिवस चक्र फिरतं आहे.

आता वाय-फाय कॉलिंग. पडावच्या त्याच माणसाकडे मी भांडायला गेलो होतो. त्याने पुन्हा थंड पाणी दिलं आणि म्हणाला, “बाबूजी, टॉवर को भूल जाइए, घर के वाय-फाय से बात कीजिए।” फोनमध्ये कुठेतरी एक खटका दाबला की आवाज टॉवरकडे न जाता घरातल्या वाय-फायवरून जातो. कान्होजीने कामासाठी घेतलेला तो डबा मधल्या खोलीत कपाटावर आहेच. मी खटका दाबला आणि चाचणी म्हणून मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात तुझ्या आईसाहेबांना फोन लावला. “आवाज येतो का?” विचारलं. त्या म्हणाल्या, “दोन्हीकडून येतो.” स्वयंपाकघर आठ पावलांवर आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. वहीत मी ‘अत्यंत स्पष्ट’ असा शेरा मारून ठेवला.

आणि या शेऱ्यावर विसंबून मी तुला शब्द दिला. तुला सुट्टी मिळेना, आणि नाव तर आत्याच ठेवणार. कान्होजीचं म्हणणं होतं व्हिडिओ कॉल करू. पण तुझ्या शालिनीआत्यांनी (त्या खास उज्जैनहून आल्या होत्या) ते मोडीत काढलं: नाव आधी बाळाच्या कानात पडलं पाहिजे, मग जगाच्या. आईसाहेब बाळाच्या कानाला फोन लावू देईनात. तेव्हा असं ठरलं की तू मला नाव सांगायचं, मी ते शालिनीताईंच्या कानात सांगायचं, आणि त्यांनी तुझ्या वतीने बाळाच्या कानात. पाळणा बैठकीत, डबा मधल्या खोलीत, म्हणून मी दोहोंच्या मधल्या दारात, खडूच्या गोलात, फेटा बांधून उभा होतो. (फेटा कानावर येत होता. तोही अहवालात नोंदवला आहे.)

पुढे काय झालं ते तुला माहीत आहे, म्हणजे तुझ्या बाजूचं. माझ्या बाजूने असं झालं की ‘आबासाहेब’ एवढं ऐकू आलं, मी गहिवरून पाळण्याकडे एक पाऊल टाकलं, फोन वाय-फायवरून सुटून टॉवर शोधायला लागला, आणि टॉवर कुठला आमच्या बैठकीत? आवाज गेला. इकडे शालिनीताई कान पुढे करून उभ्या, “काय म्हणाली पोरगी? बोल लवकर.” बायका आत्याच्या पाठीत बुक्के घालायला हात उचलून तयार, बाळ रडतं आहे, भटजी घड्याळ बघत आहेत, आणि नऊ घरांची माणसं माझ्याकडे आणि माझ्या फोनकडे बघत आहेत. अशा वेळी फोन कटला म्हणायची माझी छाती झाली नाही. तोंडाला आलं ते बोललो. दिग्विजयसिंह.

ते माझ्या वडिलांचं नाव. तुझ्या जन्माआधी ते गेले. कान्होजीच्या बारशाला, बत्तीस वर्षांपूर्वी, मी शालिनीताईंना हळूच हेच नाव सुचवलं होतं. त्या म्हणाल्या, आत्याला कोणी नाव सुचवत नसतं. मला ते तेव्हाही पटलं होतं. पण हे नाव घरात पुन्हा हाक मारायला मिळावं असं मला फार वाटे, गरिमा, आणि ते एवढ्या वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. मोठ्या माणसाने काय सांगायचं.

असो. तू विचारलंस म्हणून निष्कर्ष देतो. गुंजन मोबाइल: कव्हरेज दहापैकी तीन. वेग सिटी सेंटरला नऊ, हजीऱ्याला दोन. वाय-फाय कॉलिंग, ऐन वेळी धोका देत असल्यामुळे, शून्य. नेटवर्कने तुझा आणि माझा दोघांचाही घात केला, असं माझं मत झालं आहे. प्रकृतीला जप, आलं घालून चहा घे.

तुझे,
आबासाहेब (जगदेवराव)

ता.क. जन्मदाखल्याचं पान उघडत नाही असं वर लिहिलं आहे. ते पहिल्याच दिवशी उघडलं होतं, हजीऱ्यातच, स्वयंपाकघराच्या खिडकीत. बाकीचा सगळा फॉर्म भरून झाला आहे. नावाचा रकाना मी कोरा ठेवला आहे, आणि रोज संध्याकाळी कान्होजीला चक्र दाखवतो. ते चक्र दुसऱ्याच कशाचं तरी आहे.

ता.क. दुसरा. वरचं पत्र काल लिहिलं आणि पाकिटात घातलं. आज सकाळी पुन्हा काढलं, कारण त्यात एक पाऊल खोटं आहे. मी पाळण्याकडे पाऊल टाकलं नव्हतं. गोलातच उभा होतो, दोन्ही पाय जमिनीवर. आवाज इतका स्वच्छ होता की तुझ्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली. तू म्हणालीस, “आबासाहेब, ध्रुव. तीन महिने शोधत होते. ऐकू आलं ना?” मी “हॅलो, हॅलो” म्हणालो आणि लाल बटण दाबलं. नंतर दोनदा फोन खिशात थरथरला, तोही तुझाच होता. मला कोणी घाई केली नव्हती, भटजींकडे घड्याळसुद्धा नव्हतं. तुझा मान मी घेतला, आणि अकरा दिवस त्याचं खापर एका स्वस्त सिमच्या डोक्यावर फोडत बसलो. मला माझी लाज वाटते, पोरी.

ता.क. तिसरा आणि शेवटचा. फॉर्मचा नंबर आणि पासवर्ड पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिला आहे. रकाना तू भर. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता (तोवर टपाल पोचेल) मी मधल्या खोलीत कपाटाखाली उभा राहून तुला फोन लावीन, स्पीकरवर, सगळ्यांसमोर. शालिनीताईंनाही थांबवून घेतलं आहे. कारण विचारत होत्या, तुझ्या आईसाहेबांचा गुडघा सांगितला. आधी मी काय केलं ते मी सांगेन, मग नाव तू सांग, आणि त्या कानात सांगतील. तोवर आईसाहेबांना काही बोलू नकोस, एवढी भीक घाल. बाळाला ‘ध्रुव’ म्हणून हाक मारून पाहिली. त्याने पंख्याकडेच बघितलं, पण दिग्विजयसिंह म्हटल्यावरही तो तिकडेच बघतो. फोन उचल. तू विचारलं होतंस ना, नेटवर्क कसं आहे? चांगलं आहे. त्या दिवशीही चांगलंच होतं.